चाकणकर

चाकणकर आमच्याकडे आला तो टेम्पोतून, गोणपाटात गुंडाळून. अपघातात सापडलेल्या एका मोटरसायकलचं ते इंजिन. गाडीची फ्रेम वाकलेली, टाकी चेपलेली, पुढचे शॉकअप मुडपलेले. हा मात्र धडधाकट. मॅग्नेटोच्या झाकणावर डांबराला घासल्याची चार बोटं रुंद पांढरी खूण तेवढी होती. ती आम्ही शेवटपर्यंत पुसली नाही. दोघांनी धरून त्याला वर्कशॉपच्या बाकावर ठेवलं, तेव्हा लेथवरचे मामा हात पुसत आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, “आरं, हा तर आमच्या चाकणचा की!” मामा खेड तालुक्यातले. त्या दिवसापासून त्याचं नाव चाकणकर.

केटीएमच्या पहिल्या ३९० ड्यूकचं हे इंजिन. घराणं ऑस्ट्रियातल्या मॅटिगहोफेनचं, पण जन्म बजाजच्या चाकणच्या कारखान्यातला. २०१३ साली ती मोटरसायकल बाजारात आली आणि पुढे देशभरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या पोरांनी हे इंजिन आपापल्या रेसिंग गाड्यांत बसवलं. आम्ही त्यांतलेच. दर जानेवारीत कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ भरते. विद्यार्थ्यांनी स्वतः आखलेली आणि स्वतः बांधलेली, उघड्या चाकांची, एका माणसाची गाडी घेऊन तिथे जायचं. आधी परीक्षकांसमोर एकेका नटबोल्टचं समर्थन करायचं आणि मग पळायचं: ७५ मीटरची सरळ धाव, आठाच्या आकड्यातली फेरी, वळणावळणाचा ऑटोक्रॉस, आणि शेवटी २२ किलोमीटरची एन्ड्युरन्स. संघात माझ्याकडे इंजिनाचं काम होतं. म्हणजे दोन वर्षं माझं खाणं, झोपणं, कपड्यांना येणारा वास, सगळं चाकणकरच्या मर्जीवर होतं.

अंगकाठीने तो रुंद छातीचा आणि आखूड पावलांचा. सिलिंडर एकच. त्याचा व्यास ८९ मिलिमीटर. पिस्टन हातात घेतला की तळहात भरून जातो. पण हा एवढा पिस्टन वरखाली सरकतो तो फक्त ६० मिलिमीटर. पाऊल आखूड असल्यामुळे तो ती भराभर टाकू शकतो. मिनिटाला ९५०० फेरे फिरतो तेव्हा सेकंदाला १५८ फेरे होतात. दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी, म्हणजे सेकंदाला ७९ स्फोट. तेव्हा पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १९ मीटर असतो आणि त्यात प्रत्येक टोकाला थांबून उलटं वळायचं असतं. हे गणित पहिल्यांदा वहीत मांडलं त्या रात्री मी खाली जाऊन त्याच्या हेडवरून हात फिरवून आलो.

स्वभाव सांगायचा तर त्याला रेंगाळणं सहन होत नाही. तीन हजार आरपीएमच्या खाली त्याला वरच्या गिअरमध्ये ओढायला लावलं की हिसके देतो, चेन खडखडते, सगळी गाडी मान झटकल्यासारखी करते. चार हजारांनंतर जरा माणसात येतो. सहा हजारांपासून पुढे जो सूर लागतो तो त्याचा खरा आवाज. थंडीत सकाळी सुरू केल्या केल्या त्याला पिळायचं नाही, हा मामांचा नियम होता. ऑइल गरम होऊ द्यायचं, पंखा एकदा फिरून बंद झाला की मग थ्रॉटलला हात लावायचा.

कंपनीने त्याच्याबद्दल दोन आकडे छापले होते: ७२५० आरपीएमला ३५ न्यूटन-मीटर टॉर्क आणि ९५०० आरपीएमला ४३.५ अश्वशक्ती. गॅरेजमध्ये या दोन आकड्यांवरून रात्र रात्र वाद झडतात. टॉर्कवाले आणि हॉर्सपॉवरवाले असे तटच असतात. आमच्या संघातही होते.

टॉर्क म्हणजे पीळ. एक मीटर लांबीचा पाना घ्या, नटाला लावा आणि त्याच्या टोकाला साडेतीन किलो वजनाची कळशी टांगा. झाला ३५ न्यूटन-मीटरचा पीळ. बस, एवढंच. ज्याच्या आवाजाने हॉस्टेलच्या खिडक्या थरथरतात त्या चाकणकरचा जास्तीत जास्त जोर एका कळशीएवढा! चाकाचा घट्ट बसलेला नट सोडवताना मामा पान्यात पाईप अडकवून त्यावर उभे राहायचे, तेव्हा ते याच्या कितीतरी पट टॉर्क देत असत. फक्त मामा तो एकदा देत. चाकणकर तो सेकंदाला १२० फेऱ्यांत, फेरा न चुकवता देतो.

अश्वशक्ती आली ती नेमकी या ‘किती वेळा’तून. वाफेच्या इंजिनांची तुलना घोड्यांशी करायची म्हणून जेम्स वॉटने अठराव्या शतकात हे माप ठरवलं: मिनिटाला ३३,००० फूट-पौंडांचं काम. युरोपात आणि आपल्याकडे गाड्यांसाठी चालतं ते मेट्रिक माप समजायला सोपं आहे. ७५ किलोचा माणूस एका सेकंदात एक मीटर वर उचलला की एक अश्वशक्ती. पीळ आणि फेरे यांचा गुणाकार केला की अश्वशक्ती निघते, तिला वेगळं अस्तित्वच नाही. चाकणकरचेच आकडे घ्या. ७२५० फेऱ्यांना त्याचा पीळ सर्वांत जास्त, पण तिथे अश्वशक्ती भरते सुमारे ३६. ९५०० ला पीळ उतरून ३२ न्यूटन-मीटरवर आलेला असतो, तरी अश्वशक्ती साडेत्रेचाळीस. प्रत्येक घाव थोडा हलका पडतो, पण घावांची संख्या एवढी वाढते की एकूण काम जास्तच होतं.

मामांना हे सांगायला गेलो तर त्यांनी मलाच सांगितलं. त्यांच्या भागात बैलगाडा शर्यतींचं वेड. घाटात बारी धरायची ती सेकंदांच्या हिशेबावर. “नांगराचा बैल येगळा आन् घाटाचा येगळा,” मामा म्हणाले. “नांगराच्याला ढेकळात पाय रोवून जोर लावता आला पायजे. घाटाच्याला जोर लागतोच, पण पळता पळता लावता आला पायजे. तुजा चाकणकर घाटाचा हाय.” मी वहीची तीन पानं भरून जिथे पोचलो होतो तिथे ते चहाचा कप खाली ठेवायच्या आत पोचले होते.

तरीही पहिल्या वर्षी मी त्याला नांगरालाच जुंपलं.

कळशीभर पिळाने गाडी हलते ती गिअरांमुळे. पहिल्या गिअरमध्ये, मोटरसायकलवर येतात तशी पुढे १५ आणि मागे ४५ दात्यांची स्प्रॉकेट ठेवली, तर चाकणकरचा पीळ चाकापर्यंत पोचताना साधारण २१ पट होतो. आमच्या चाकाची त्रिज्या २३ सेंटिमीटर. हिशेब केला तर टायर रस्त्याला सव्वातीनशे किलोच्या जोराने मागे ढकलू शकतो. ड्रायव्हरसकट आमची गाडी २७० किलोची. मला वाटलं, हे आणखी वाढवू. गाडीचा पिकअप वाढवायचा तर मागचं स्प्रॉकेट मोठं करायचं, हे गॅरेजमधलं बारकं पोरही सांगतं. भोसरीच्या एका वर्कशॉपमधून मी ५२ दात्यांचं स्प्रॉकेट कापून आणलं. कागदावर आता ३८० किलोचा जोर मिळत होता. संघातल्या सगळ्यांना मी तो आकडा दाखवला.

करीच्या सरळ पट्ट्यावर आमची पाळी आली. हिरवा झेंडा हलला, क्लच सुटला आणि मागची दोन्ही चाकं जागच्या जागी गरगरली. त्या दोन टायरांची जमीन धरून ठेवायची ताकदच तीनशे किलोच्या आसपास. त्यावरचा सगळा जोर धूर होऊन गेला. गाडी निघाली तर ताशी ३३ किलोमीटरला पहिला गिअर संपला, ४८ ला दुसरा, ६२ ला तिसरा. ७५ मीटरांत आमचा ड्रायव्हर पाच गिअर टाकत होता, आणि दर गिअरच्या वेळी क्षणभर चेन सैल पडत होती. त्या क्षणात गाडीला कुणी पुढे ढकलत नसतं. चाकणकर जीव तोडून ओरडत होता. मी कुंपणाला धरून उभा होतो आणि मला त्या आवाजातच कळत होतं की याच्यावर अन्याय झालाय. आमच्यासारखंच इंजिन असलेल्या गाड्या आमच्या पुढे लागल्या. त्यांच्यातला चाकणकर आमच्यापेक्षा जोरकस नव्हता, त्याला नीट जुंपलं होतं एवढंच.

परतीच्या रेल्वेत मी वहीत उलटा प्रश्न मांडला. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगात असेल तर चाकाला जास्तीत जास्त जोर कधी मिळेल? वरच्या गिअरमध्ये, इंजिन ७२५० वर म्हणजे टॉर्कच्या शिखरावर असताना? की खालच्या गिअरमध्ये, ९५०० वर? उत्तर आलं, शिखरावर १६२ किलो आणि ९५०० वर १९६. गाडीचा वेग एकदा धरला की चाकाशी मिळणारा जोर त्या क्षणीच्या अश्वशक्तीवरच ठरतो, कारण खालचा गिअर पीळ वाढवून देतो. म्हणजे हॉर्सपॉवरवाले बरोबर होते. पण फक्त त्या एका क्षणापुरते. वळणातून बाहेर पडताना ड्रायव्हरला नेमका ९५०० चा काटा कोण आणून देणार? तो कधी पाच हजारांवर सापडतो, कधी सहा. तिथे चाकणकरकडे काय आहे, हा प्रश्न टॉर्कवाल्यांचा, आणि तोही खराच.

आणि तिथेच त्याच्या गळ्याला फास होता. स्पर्धेच्या नियमाने पेट्रोल इंजिनाने सगळी हवा २० मिलिमीटरच्या एका भोकातून घ्यायची. त्याला रिस्ट्रिक्टर म्हणतात. जेमतेम एक रुपयाच्या नाण्याएवढं ते. चार सिलिंडरांची इंजिनं सावकाश, एकामागून एक घोट घेत पितात. चाकणकर एकटा. त्याला सगळी हवा एका मोठ्या घोटात लागते आणि मग बराच वेळ काहीच लागत नाही. सरासरी काढली तर ते भोक त्याला पुरून उरतं, पण त्या एका घोटाच्या वेळी हवा भोकात आवाजाच्या वेगाशी भिडते आणि त्यापुढे कितीही ओढलं तरी एक कण जास्त येत नाही. म्हणून भोकाच्या आणि इंजिनाच्या मधे हवेचा एक साठा ठेवावा लागतो, प्लेनम. गावात नळाला बारीक धार येते म्हणून आपण दारात हंडा भरून ठेवतो, तसा. त्या हंड्यातून इंजिनापर्यंतची नळी आखूड ठेवली तर वरच्या फेऱ्यांना दम येतो आणि मधे खड्डा पडतो. लांब ठेवली तर मधला भाग भरून येतो आणि वरचं टोक थोडं उतरतं. पहिल्या वर्षी आम्ही आखूड ठेवली होती, कारण डायनोच्या, म्हणजे इंजिनाचा जोर मोजणाऱ्या यंत्राच्या, कागदावर वरचा आकडा मोठा दिसत होता.

दुसऱ्या वर्षी तीन गोष्टी बदलल्या. प्लेनम मोठा केला. नळी लांबवली, डायनोवरचा सर्वांत मोठा आकडा कमी झाला, तो कागद संघासमोर ठेवताना माझे हात थंड पडले होते, पण पाच ते आठ हजारांमधली रेघ अशी सपाट भरून आली होती की मी ती बोटाने पुन्हा पुन्हा गिरवली. आणि मागचं स्प्रॉकेट ३६ दात्यांचं केलं. पहिल्या गिअरचा जोर २६५ किलोवर उतरला, म्हणजे टायर धरू शकेल तेवढाच. पहिला गिअर आता ताशी ४८ पर्यंत जाणार होता, दुसरा ६९, तिसरा ९०. “कमी दाते आन् जास्त पळणार?” मामांनी विचारलं. मी म्हटलं, मामा, पाय घसरणार नाही तेवढंच ओझं दिलंय. ते हसले.

रेसिंगच्या मोठ्या जगात फेऱ्यांच्या आणि पिळाच्या अशा दोन स्वभावांच्या गाड्या एकाच वर्षी बघायला मिळाल्या होत्या, २००६ साली. त्या वर्षी फॉर्म्युला वनची २.४ लिटरची व्ही-एट इंजिनं १९ हजारांच्या पुढे फिरत होती. पीळ तीनशे न्यूटन-मीटरच्या आतला, पण घावांची संख्या एवढी अफाट की अश्वशक्ती सातशेच्या वर. आणि त्याच जूनमध्ये ल मान्सची २४ तासांची शर्यत ऑडीच्या आर-१० ने जिंकली, तिथली पहिली डिझेल विजेती. साडेपाच लिटरचं बारा सिलिंडरांचं इंजिन, साडेसहाशे अश्वशक्ती, आणि पीळ ११०० न्यूटन-मीटरच्या वर, तोही पाच हजार फेऱ्यांच्या आत. एक किंचाळून कान फोडायचं, दुसरं जवळून गेलं तरी वाऱ्याचाच आवाज जास्त. दोन्ही गाड्या आपापल्या मैदानात अजिंक्य आणि एकमेकींच्या मैदानात निरुपयोगी. विजेच्या मोटरांनी तर वादाचं मूळच उपटलं. त्यांना पूर्ण पीळ शून्य फेऱ्यांपासून मिळतो. सप्टेंबर २०२३ मध्ये झुरिकच्या विद्यार्थ्यांच्या १४० किलोच्या ‘मीटन’ (mythen) गाडीने ताशी शून्य ते शंभर किलोमीटरचा वेग ०.९५६ सेकंदात गाठला, तोही साडेबारा मीटरांच्या आत. त्या गाडीपुढे मी मनापासून हात जोडतो. पण तिला क्लच सोडताना येणारी ती धाकधूक नाही, आणि मला ती हवी असते.

चाकणकरला एक आजार होता तो मात्र त्याच्या जन्माचा नव्हता, आम्ही लावलेला. मोटरसायकल वळणावर झुकते. गाडी झुकली की इंजिन झुकतं आणि आतलं ऑइल तळाशीच राहतं, पंपाच्या तोंडाशी. चार चाकांच्या गाडीत इंजिन ताठ उभं असतं आणि वळणात ऑइल एका बाजूच्या भिंतीवर चढतं. पंपाच्या तोंडी हवा येते. ज्याला आयुष्यभर झुकून वळायची सवय त्याला आम्ही ताठ बसवून वळवत होतो. सरावाच्या मैदानावर एका लांब डाव्या वळणात ऑइल प्रेशरचा लाल दिवा लुकलुकला. सेकंदभरच. ड्रायव्हरला वाटलं वायर हलली असेल. रात्री ऑइल काढलं, फिल्टरचा कागद उलगडून दिव्याखाली धरला, तर घड्यांमध्ये बारीक चकाकी. कनेक्टिंग रॉडची बेअरिंग सुटायला लागली होती. मामांनी चिमटीत ते ऑइल चोळून बघितलं आणि काही न बोलता बाहेर गेले.

इंजिन पूर्ण उघडलं. नवी बेअरिंग बसवली आणि तळाच्या चेंबरमध्ये पत्र्याचे आडवे पडदे वेल्डिंग करून घेतले, म्हणजे ऑइल एका दमात एकीकडे धावणार नाही. हेडचे बोल्ट आवळायला टॉर्क रेंच घेतला. ठरलेल्या पिळाला तो ‘टक्’ करतो आणि हात थांबवायचा असतो. मामा शेजारी उभे राहून प्रत्येक ‘टक्’ मोजत होते.

जानेवारीत ७५ मीटरला चाकं जराशी चुरचुरली आणि जमीन धरून निघाली. दोनच गिअर बदलले. तिसरा संपत आला तेव्हा रेषा आली. मागच्या वर्षीपेक्षा वेळ इतका कमी होता की टायमिंगच्या तंबूतल्या पोराला मी पुन्हा विचारून खात्री केली. ऑटोक्रॉसला त्याने मला खरं सुख दिलं. शंकूंच्या आवळ वळणांतून गाडी पाच-सहा हजारांवर बाहेर पडत होती आणि ड्रायव्हर गिअर न बदलता नुसता पाय देत होता. त्या लांबवलेल्या नळीतून हवा भरून येताना एक घोगरा, भरदार सूर निघायचा. गेल्या वर्षी तिथे खड्डा होता.

एन्ड्युरन्सच्या मध्यावर, ११ किलोमीटरनंतर ड्रायव्हर बदलायचा असतो. इंजिन बंद करायचं, दुसऱ्याने आत बसायचं, पट्टे आवळायचे आणि पुन्हा सुरू करायचं. कितीतरी चांगल्या गाड्यांचा शेवट तिथेच होतो. तापलेलं इंजिन पुन्हा पेटत नाही. चाकणकर तापला होता. कोइमतूरची दुपार, रेडिएटरमधून येणारी झळ दोन हातांवरून जाणवत होती. दुसऱ्या ड्रायव्हरने बटण दाबलं. स्टार्टर फिरला, फिरला आणि थांबला. त्याने पुन्हा दाबलं. आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती. आम्ही पाच जण रेषेमागे उभे होतो आणि कुणी श्वास घेत नव्हतं. तिसऱ्यांदा तो एकदा खोकला आणि पेटला.

बावीस किलोमीटर झाले. गाडी तपासणीतून सुटून तंबूत आली तेव्हा अंधार पडत होता. ऑइल गरम असतानाच काढायचं म्हणून आम्ही लगेच खाली भांडं लावलं. मामा पुण्याहून आले नव्हते, त्यांना व्हिडिओ कॉल लावला. फिल्टर कापला, कागदाच्या घड्या एकेक करून उलगडल्या आणि मोबाईलच्या टॉर्चखाली धरल्या. “जवळ धर,” मामा म्हणाले. “आजून जवळ.” मी टोकापासून टोकापर्यंत सगळा कागद कॅमेऱ्यासमोरून सरकवला. काळं, स्वच्छ ऑइल. कुठेही चकाकी नव्हती.

“त्याला आता निवू दे,” मामा म्हणाले, आणि फोन ठेवला.